ग्लिसरीनमधला शिंपला : सोलापुरातल्या प्रकल्पाच्या नोंदी

९ नोव्हेंबर

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. त्या दिवशी कॉलेजात काय मांडायचं ते आज ठरलं: अंगाचा आकार बदलून पुढे सरकणारी यंत्रं. चाक नाही, पंखा नाही. नुसतं वाकायचं, सरळ व्हायचं आणि तेवढ्यावर पुढे जायचं. मासा हेच करतो, शुक्राणूही हेच करतो, पण दोघांची कारणं अगदी वेगळी आहेत. तो वेगळेपणा मुलांना डोळ्यांनी दिसावा, एवढीच अपेक्षा. ज्वालामुखी आणि 'पाणी वाचवा'चे तक्ते बरीच वर्षं झाले.

बेत असा: यंत्र तेच ठेवायचं आणि द्रव बदलायचा. एकदा ग्लिसरीन, एकदा पाणी.

यंत्राचं काम मामांकडे. मामांची सगळी नोकरी सोलापूरच्या पूर्व भागात जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा, म्हणून गेली. माग सुरू असताना नुसत्या आवाजावरून कुठलं टॅपेट झिजलंय ते सांगायचे. त्यांची एकच अट: "हिशेब तू कर, स्क्रूला हात लावायचा नाही."

१७ नोव्हेंबर

कागदावरचं काम. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ साली नळीत रंगाची रेघ सोडून जो प्रयोग केला, त्यातून त्याच्या नावाचा अंक आला. घनता गुणिले वेग गुणिले लांबी, भागिले श्यानता (द्रवाचा चिकटपणा). म्हणजे द्रवाचं जडत्व मोठं की त्याचा चिकटपणा मोठा, याचं माप. आपल्या यंत्राची एक पट्टी ५ सेंटिमीटरची आणि तिचं टोक सेकंदाला साडेतीन मिलिमीटर सरकणार, असं धरलं. पाण्यात हा अंक १७५च्या आसपास येतो. शुद्ध ग्लिसरीनमध्ये २० अंश तापमानाला जेमतेम ०.१६.

एकच्या बऱ्याच खाली गेलं की जडत्वाला किंमत उरत नाही. ढकलणं थांबलं की वस्तू तिथल्या तिथे थांबते. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड परसेलने १९७७च्या आपल्या लेखात पोहणाऱ्या जिवाणूचा हिशेब मांडला होता. शेपटी थांबवल्यावर तो जितका घसरेल ते अंतर अणूच्या व्यासापेक्षाही कमी भरतं. आपण पाण्यात हात मारून दोन क्षण तरंगत जातो, तसली चैन त्याला नाही.

त्याच लेखात शिंपल्याचं प्रमेय आहे. एकच बिजागरी असलेला प्राणी अशा द्रवात पोहूच शकत नाही. उघडताना जितका मागे जाईल तितकाच मिटताना पुढे येणार. कितीही वेगात मिटा, कितीही सावकाश उघडा, वेळ त्या समीकरणात येतच नाही. खरा शिंपला समुद्रात पोहतो, कारण तो आकाराने मोठा आहे आणि पाणी पातळ आहे. सावकाश उघडून पाणी आत घ्यायचं आणि फटकन मिटून बिजागरीच्या दोन बाजूंनी ते जोरात बाहेर सोडायचं, हे त्याला परवडतं.

मामांना हे सांगितलं. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "मग आपण जे चालणार नाही तेच पहिलं बनवायचं?"

हो, तेच.

१ डिसेंबर

दोन फूट बाय एक फुटाची माशांची काचेची टाकी घेतली. तिच्यात आठ सेंटिमीटर ग्लिसरीन म्हणजे साधारण १८ किलो. कॅन जिन्याने वर चढवताना मामींनी विचारलं, एवढ्यात साबण किती झाला असता. उत्तर दिलं नाही.

यंत्र असं: वर थर्माकोलचा छोटा तराफा, त्यावर खेळण्यातली नऊ ग्रॅमची सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणारी), बॅटरी आणि तिला प्रोग्रॅमने चालवणारा आर्डुइनोचा सर्वांत लहान बोर्ड. खाली ॲक्रिलिकच्या दोन पट्ट्या चार सेंटिमीटर बुडालेल्या, मध्ये बिजागरी. वरून वायर आणली असती तर तिच्याच ताणाने यंत्र ओढलं गेलं असतं, म्हणून बॅटरी अंगावरच. ग्लिसरीनची घनता पाण्याच्या १.२६ पट, त्यामुळे तराफा पाण्यात राहील त्यापेक्षा बराच वर राहतो. मामांनी त्याच्या खालच्या कडा गोल घासून दिल्या.

चिकटपणा मोजायला सायकलच्या दुकानातून ३ मिलिमीटरचे छर्रे आणले. मोजपात्रात वीस सेंटिमीटर पडायला सकाळी नऊ सेकंदांच्या आसपास लागतात, दुपारी साडेचार-पाच. थंडीत ही गत, तर मार्चात काय होईल? २० अंशांना ग्लिसरीनची श्यानता १.४ पास्कल-सेकंद असते, ३०ला ०.६ आणि ४०ला ०.२८. पुस्तकं प्रयोग २० अंशांवर लिहितात. सोलापुरात ते तापमान डिसेंबरच्या सकाळी थोडा वेळ भेटीला येतं. म्हणून प्रत्येक मापाशेजारी थर्मामीटरचा आकडा लिहायचाच, हा नियम आजपासून.

टाकीला काचेचं झाकणही केलं. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं. पाच टक्के पाणी मुरलं तरी त्याचा घट्टपणा तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास येतो. कोरड्या हवेचा सोलापूरला इथे फायदा, उन्हाचा तोटा.

१५ डिसेंबर

शिंपला सुरू. सकाळी सातला, २१ अंश. पंधरा सेकंदांत उघड, पंधरा सेकंदांत मिट. टाकीखाली ग्राफ पेपर चिकटवलाय. उघडताना मागे, मिटताना पुढे, आणि आवर्तन संपलं की बिजागरी त्याच रेघेवर. अर्धा तास चालवलं. यंत्र पूर्ण जोमाने काम करतंय आणि कुठेही जात नाहीये, हे बघणं जरा चमत्कारिक आहे.

मग वेळ बदलली: पाच सेकंदांत मिट, पंचवीस सेकंदांत उघड. सर्वो मोटर मुळात झटका मारून जागेवर जाते, म्हणून प्रोग्रॅममध्ये एकेक अंश करून हलवावी लागते. तशी मोकळी सोडली तर पट्टीचा वेग इतका वाढतो की ग्लिसरीनही पाण्यासारखं वागायला लागेल. निकाल तोच. जागच्या जागी.

मामा खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "पाण्यात टाक की एकदा." बादलीत टाकलं. तीच पट्टी, तोच प्रोग्रॅम, फक्त मिटण्याचा वेग मोटर देईल तितका. बादलीच्या काठाला जाऊन धडकलं.

२८ डिसेंबर

दुपारी तीनला शिंपला ग्लिसरीनमध्ये सरकताना दिसला. फार नाही, पण ग्राफ पेपरवर कळण्याइतका. २९ अंश. सकाळी हलत नाही, दुपारी हलतो. मोह असा झाला की ही जडत्वाची सुरुवात आहे असं लिहून टाकावं. पण टाकी पश्चिमेच्या खिडकीशी आहे. यंत्र बाहेर काढून कागदाचे बारीक कपटे वर सोडले, तर तेही त्याच बाजूला निघाले. काच एका बाजूने तापते, तिथलं ग्लिसरीन वर येतं आणि पृष्ठभागावरून पलीकडे वाहतं. टाकी आतल्या खोलीत हलवली आणि सरकणं थांबलं. २९ अंशांनाही रेनॉल्ड्स अंक ०.३५च्या आसपासच येतो, तेव्हा जडत्वाला एवढं श्रेय द्यायचं कारण नव्हतंच.

आज आणखी एक प्रयोग, आणि माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत देखणा. लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत ग्लिसरीन भरलं. तांब्याच्या तारेचे तीन सेंटिमीटरचे, एक मिलिमीटर जाडीचे तुकडे कापले. एक उभा सोडला, एक आडवा. उभा साधारण दीडपट वेगाने खाली गेला. तार अतिशय लांब आणि बारीक असती तर हे गुणोत्तर दोनाच्या जवळ गेलं असतं. मग एक तुकडा तिरका सोडला. तो सरळ खाली गेला नाही. तिरकाच राहून, कोन जराही न बदलता, बाजूला सरकत सरकत गेला आणि बरणीच्या काचेला टेकला. तारेला लांबीच्या दिशेने जाणं सोपं आणि आडवं जाणं अवघड, म्हणून वजन खाली ओढतं तरी ती थोडी आपल्या लांबीच्या दिशेने निसटते.

शुक्राणूची शेपटी, जिवाणूचा केसासारखा धागा, आमची पुढची तीन पट्ट्यांची योजना, सगळं या एका फरकावर उभं आहे. आडवं आणि उभं सारखंच अवघड असतं तर नुसत्या बारीक शेपटीने कुणालाच पुढे जाता आलं नसतं.

११ जानेवारी

परसेलचं तीन पट्ट्यांचं यंत्र. दोन बिजागऱ्या, म्हणजे दोन कोन. क्रम असा: पुढची पट्टी वळव, मागची वळव, पुढची परत आण, मागची परत आण. प्रत्येक चाल सुटी बघितली तर उलट करता येणारी, पण चारींचा फेरा मिळून उलटा होत नाही. दोन कोन आलेखावर मांडले तर एक चौकोन फिरून येतो. शिंपल्याचा आलेख म्हणजे नुसती एक रेघ, गेलो त्याच वाटेने परत.

सकाळी ६:४०, २० अंश. प्रत्येक चालीला पंधरा सेकंद, म्हणजे मिनिटाला एक फेरा. यंत्र आधी डोकं हलवतं, मागे जातं, थोडं वळतं, पुढे येतं, आणि फेऱ्याच्या शेवटी मूळ रेघेच्या काही मिलिमीटर पुढे असतं. पंधरा सेंटिमीटरच्या अंगाला हे काहीच नाही. पण पुढच्या फेऱ्यात तेवढंच, त्याच्या पुढच्यातही तेवढंच. दोन मिनिटांचा फेरा केला तरी फेऱ्यामागे अंतर तेच. क्रम उलटा केला तर तेवढंच मागे.

मामांनी प्रोग्रॅम बघायला मागितला. चार ओळी वाचून म्हणाले, "ही तर डॉबीची पट्टी झाली. कुठली फळी आधी उचलायची एवढंच." डॉबी म्हणजे मागावर ताण्याच्या धाग्यांच्या फळ्या ठरलेल्या क्रमाने उचलणारं यंत्र. बरोबर आहे. अशा द्रवात पोहणं हा ताकदीचा नाही, क्रमाचा मामला आहे.

एक अडचण: टाकीच्या भिंती. चिकट प्रवाहात यंत्राचा परिणाम लांबवर पोचतो आणि हळूहळूच विरतो, त्यामुळे भिंतीपासून दहा सेंटिमीटरवरही ती जाणवते. यंत्र मध्यावरून ढळलं की एका बाजूला वळतं. मोठी टाकी घ्यायची तर ग्लिसरीन किती लागेल याचा हिशेब केला आणि वही मिटली.

१९ जानेवारी

मधले दिवस सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आणि होम मैदानाच्या गर्दीत कुणी प्रकल्प करत नाही. पण एका दुकानातून चावीचा प्लॅस्टिकचा मासा आणला. शेपटीला एकच सांधा, शेपटी कडक. बादलीत झकास पळतो. ग्लिसरीनमध्ये सोडला तर स्प्रिंगला धाप लागली आणि मासा जागेवरच अंग घुसळत राहिला. प्रदर्शनात हाच सगळ्यात आधी ठेवायचा. मुलं यंत्राआधी खेळण्याकडे वळतात.

१ फेब्रुवारी

लवचीक शेपटी. यंत्र शिंपल्याचंच, मोटर एकच, फक्त मागच्या पट्टीच्या जागी वाकणारी शेपटी. तीन बनवल्या: पोलादी पट्टी, जुनी एक्स-रे फिल्म आणि सायकलच्या ट्यूबचं पातळ रबर.

पोलादी शेपटी वाकत नाही, म्हणजे पुन्हा शिंपलाच. हलली नाही. रबर इतकं मऊ की मोटरजवळचा बोटभर भाग हलतो आणि बाकीचं मागे नुसतं लोंबकळतं. यंत्र जेमतेम सरकलं. एक्स-रे फिल्मची शेपटी मात्र चालली. मोटर डावीकडे जाताना फिल्मचं टोक मागे राहतं, उजवीकडे परतताना वेगळ्याच बाजूने मागे राहतं. जाताना आणि येताना आकार सारखा नाही. बिजागरी एकच, पण दुसरा 'कोन' फिल्मच्या वाकण्यातून आपोआप आला.

इथे वेगाला किंमत आहे, हे मुलांना समजावणं कठीण जाणार. द्रव चिकट असला तरी फिल्मला सरळ व्हायला ठरावीक वेळ लागतो. फार सावकाश हलवलं तर ती सरळच राहते, म्हणजे पोलाद. फार जोरात हलवलं तर रबर. मधला एक वेग बरोबर लागतो, आणि खोली तापली, ग्लिसरीन पातळ झालं की तो वेगही बदलतो. आज सकाळी जुळवलेला दुपारी चुकला.

१४ फेब्रुवारी

आता पाणी. मामांच्या जुन्या कारखान्यामागे सूत रंगवायचा सिमेंटचा लांब हौद अजून आहे. मालकांनी वापरायला दिला. टँकरचे पैसे आमचे. कडेच्या भेगांत जुना जांभळा रंग मुरलाय, बोट फिरवलं तर अजूनही लागतो.

पाण्यात चिकटपणा बाजूला पडतो आणि पाण्याचं वजन पुढे येतं. हे आधी हाताने अनुभवायचं ठरवलं. स्टीलचं ताट आडवं धरून पाण्यात झटक्यात ओढलं. ताट वजनाने काहीच नाही, पण सुरुवातीचा धक्का खांद्यापर्यंत येतो, कारण ताटाबरोबर पुढचं-मागचं पाणीही हलवावं लागतं. गोळा असेल तर त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या निम्मं वजन असं अंगाला चिकटतं, लांब दंडगोल आडवा हलवला तर पूर्ण तेवढं. आकार बदलणाऱ्या प्राण्याला यात भांडवल आहे. पळताना ऑक्टोपस अंगातलं पाणी सोडत आक्रसतो. अंग लहान झालं की चिकटलेलं पाणीही कमी होतं, आणि त्या पाण्यात साठलेल्या ऊर्जेतली काही त्याला परत मिळते. वेमाउथ आणि ट्रायांटाफिलू यांनी २०१३ मध्ये हे मांडलं. फुग्याचा ऑक्टोपस करायचा बेत होता, पण फुगा सरळ जात नाही, हौदभर भरकटतो. तो नाद सोडला.

एक्स-रे फिल्मच्या शेपटीचा आमचा मासा मात्र चालला. पाण्यावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि वरून मोबाइलने चित्रण केलं. आधी काठी उभी धरून ओढली. मागे एकाआड एक उलटसुलट फिरणाऱ्या भोवऱ्यांच्या दोन रांगा, कार्मान या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या. मग मासा सोडला. त्याच्या मागेही दोन रांगा, पण फिरण्याची दिशा उलटी. काठीमागचे भोवरे मधलं पाणी काठीच्या मागोमाग ओढतात; शेपटीचे भोवरे मधलं पाणी मागे फेकतात. त्याचीच प्रतिक्रिया म्हणजे माशाचा रेटा. कार्मान आणि बर्गर्स यांनी १९३५ सालीच हे कारण लिहून ठेवलंय.

आकडे: सेकंदाला २ फटके, शेपटीचा एकूण झोका ६ सेंटिमीटर, वेग सेकंदाला १६ सेंटिमीटर. फटके गुणिले झोका, भागिले वेग, म्हणजे स्ट्रूहाल अंक ०.७५. चांगले पोहणारे मासे, डॉल्फिन, उडणारे पक्षी, वटवाघळं, कीटक बहुतेक ०.२ ते ०.४ मध्ये सापडतात. म्हणजे आमचा मासा हातपाय भरपूर हापटतो आणि त्या मानाने पुढे जात नाही.

मामांनी खोट लगेच पकडली: "ह्याचं डोकं बघ. शेपटी हलवतोय की मुंडी?" खरंच, शेपटी डावीकडे गेली की डोकं उजवीकडे. अर्धी मेहनत डोकं हलवण्यात.

२३ फेब्रुवारी

डोक्याकडचा भाग उंच केला, म्हणजे पाण्यात खोल जाईल आणि बाजूला ढकलायला जड पडेल. शेपटीच्या आधीचा भाग कापून अरुंद केला. बाजारात मांडलेल्या माशांच्या शेपटीकडे पाहिलं तर हेच दिसतं: टोकाला रुंद पर आणि त्याआधी बारीक मान. माशांच्या पोहण्याचं गणित मांडणाऱ्या लाइटहिलने याचं कारण हेच दिलं होतं की बाजूचा धक्का कमी व्हावा. झोका ५ सेंटिमीटरवर आला, वेग २२ झाला, स्ट्रूहाल अंक ०.४५. ०.४च्या आत अजून नाही. फिल्म थोडी जाड हवी, पण तसली एक्स-रे मिळत नाही.

जेवताना मामांना मेलेल्या ट्राउटची गोष्ट सांगितली. वाहत्या पाण्यात अडथळ्यामागे भोवरे असतात. तिथे नुकताच मेलेला मासा दोरीला बांधून सोडला तर भोवरे त्याचं लवचीक अंग असं वाकवतात की तो प्रवाहाविरुद्ध पुढे सरकतो. २००६ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. मामा म्हणाले, "मेल्यावरही काम सुटत नाही बघ." मामी म्हणाल्या, जेवताना मेलेला मासा नको.

२८ फेब्रुवारी

प्रदर्शन. दुपारी हॉलमध्ये ३४ अंश. ग्लिसरीनची टाकी बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवली तरी वरचा थर पातळच राहिला. तीन पट्ट्यांचं यंत्र चाललं. शिंपला पंख्याच्या वाऱ्याने थोडा सरकला आणि एका मुलीने तेवढंच बरोबर पकडलं: "सर, तुम्ही म्हणालात हलणार नाही." तिला कागदाचे कपटे दिले. तिने टाकले, पाहिलं, पंखा बंद करायला गेली. पंखा बंद झाल्यावर हॉलमधले बाकी सगळे चिडले.

सर्वांत जास्त गर्दी ना माशाकडे ना शिंपल्याकडे. ती एका बाजूच्या टेबलावर, दोन काचेच्या नळ्या एकात एक घालून मधल्या फटीत ग्लिसरीन भरलं होतं तिथे. भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलरचा जुना प्रयोग. ग्लिसरीनमध्येच कालवलेला रंगाचा थेंब सोडायचा, आतली नळी तीन-चार वेळा सावकाश फिरवायची, रंग पसरून नाहीसा होतो. तितक्याच वेळा उलटी फिरवली की थेंब परत जमतो, कडा किंचित पुसट. मामांनी स्वतः तिथे उभं राहून पोरांना सांगायची जबाबदारी घेतली: "सूत बॉबिनवरून सोडलं, परत गुंडाळलं. गुंता नाही, काही नाही." शिंपला का हलत नाही, हे त्या थेंबावरून सांगितलं तेव्हा पोरांना चटकन कळलं.

६ एप्रिल

परीक्षेची धामधूम संपली. तीन पट्ट्यांच्या यंत्राचा एक प्रश्न राहिला होता. हिशेब असा सांगतो की पट्ट्यांचा झोका बराच मोठा केला तर हेच यंत्र, त्याच क्रमाने, उलट्या दिशेला जायला लागतं. बेकर, कोलर आणि स्टोन यांचा २००३चा निष्कर्ष. ते बघायचं होतं.

पहाटे साडेपाचला २७ अंश. यापेक्षा गार आता जूनपर्यंत मिळणार नाही. रेनॉल्ड्स अंक आटोक्यात ठेवायला फेरा दोन मिनिटांचा केला. झोका वाढवत नेला तसं फेऱ्यामागचं अंतर आधी वाढलं, मग कमी होत गेलं, आणि शेवटी ग्राफ पेपरवर वाचता येईना इतकं उरलं. त्यापुढे जायला जागा नाही, कारण बाहेरच्या पट्ट्या मधल्या पट्टीवर आपटतात. मामांचं म्हणणं, बाहेरच्या दोन पट्ट्या एकीला वर आणि एकीला खाली अशा वेगळ्या पातळीवर बसवाव्यात, म्हणजे मधलीच्या वरून-खालून निघून जातील. बुशिंग त्यांच्याकडे पडून आहेत. ॲक्रिलिक आणायचंय.